चुलीवर वाळलेला चेंडू

मी एक जुना, कातडी, वादीने तोंड बांधलेला बास्केटबॉल आहे, आणि मित्रांनो, एका जागी बसणे माझ्या स्वभावात नाही. तरीही अकरा वर्षे मी चांदे गावातल्या एका दिवाणखान्यात काचेच्या कपाटात बसलो. माझ्याखालची पितळी पाटी रोज पुसली जाई. मला मात्र कोणी हात लावत नसे.

पाटीवर नाव होते सगुणाबाईंचे. साठ वर्षांपूर्वी त्या नुसत्या सगुणा होत्या, गावातून पुण्याच्या कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. श्रावणात चार दिवस घरी येताना त्यांनी सरावासाठी मला सोबत आणले. आंब्याच्या खोडाला पिंपाचे कडे ठोकून त्या पावसातही खेळल्या. मी चिंब झालो. त्यांच्या आईला माझी दया आली.

"लेकराचा चेंडू लई भिजलाय," म्हणत त्या माउलीने मला चुलीवर, बियाण्याच्या कणसांशेजारी टांगले. कणसे वाळली तशी मीही वाळलो. सकाळी माझी एक बाजू आक्रसली होती.

कॉलेजचे क्रीडाशिक्षक दादासाहेब यांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिले. "सगुणा, चेंडू नेलास आणि फणस आणलास?" मुली हसल्या. "आता महिनाभर तू याच्याशीच खेळायचे."

माझा टप्पा सरळ पडेना. कधी डावीकडे, कधी थेट गुडघ्यावर. सगुणा चिडत, रडकुंडीला येत, पण मला सोडत नसत. हळूहळू मी कुठे उडणार हे त्यांच्या तळहाताला माझ्याआधी कळू लागले. मग आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात त्यांच्या हाती गोल चेंडू आला आणि तो शेवटपर्यंत कोणालाही हिसकावता आला नाही. एकटीचे सव्वीस गुण! तीन वर्षे पुण्यात त्यांचे नाव गाजले. निरोपाच्या दिवशी दादासाहेबांनी मला त्यांच्या ओटीत घातले.

पुढे लग्न, शेती, मुले. मी कणगीत पडून राहिलो. त्यांचा मुलगा शेखर हिंजवडीत नोकरीला लागला, त्याने नवे घर बांधले, आणि मोठ्या मानाने मला कपाटात बसवले. त्याचा हेतू चांगला होता. त्याच्या आजीचाही होताच की.

यंदा त्याने ठरवले की मला कायमचे कॉलेजच्या दालनात द्यायचे. तिथे तर काच कायमची पक्की बसवतात, कपाटाला किल्लीही नसते म्हणे. माझा जीव कासावीस झाला. त्याच संध्याकाळी नात ज्ञानदा सरावाहून तोंड पाडून आली.

"आजी, निवड चाचणी पंधरा दिवसांवर आलीय आणि माझ्या हातातून बॉल सारखा जातोय."

सगुणाबाईंनी चष्मा काढला. "शेखर, किल्ली दे."

"आई, कातडं जुनं झालंय. फुटंल."

"फुटू दे. मी बी जुनीच हाय. मला कुटं कपाटात ठेवलंयस?"

शेखर हसला आणि किल्ली आणायला उठला.

पौडला चपला शिवणाऱ्या वाल्मीकमामांनी माझ्यात नवे ब्लॅडर, म्हणजे हवेची रबरी पिशवी, घातले. अंगणात ज्ञानदाने पहिला टप्पा टाकला आणि मी तडक तुळशीमागे गेलो. "असला कसला बॉल!" ती वैतागली. ओट्यावरून आवाज आला, "त्याला नावं ठेवू नगंस. हात खाली ने."

आज दहावा दिवस. काल माझी एक शिवण उसवली, ती मामांनी लगेच घातली. दहातले सात टप्पे ज्ञानदा पकडते. तिची निवड होईल की नाही, मला ठाऊक नाही. मी किती दिवस टिकेन, तेही नाही.

मित्रांनो, जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. वस्तू ज्या कामासाठी घडली, ते काम तिला करू द्यावे. उसवली तर शिवावी, भिजली तर पुसून सावलीत ठेवावी, आणि चुलीवर मात्र कधीही टांगू नये.

आता पुरे. ज्ञानदा पायऱ्या उतरते आहे, आणि मला डावीकडे उडायचे आहे.