न कळल्याचा नंबर

रत्नागिरीतल्या एका खाजगी रुग्णालयात योगिनी कोडिंगचं काम करायची. डॉक्टरांनी फाईलवर लिहिलेल्या निदानाला जगभर चालणारा ठरावीक नंबर द्यायचा. पुढे नोंदी, विमा, सगळं त्या नंबरावर चालतं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या योगिनीला त्या नंबरांचं भारी कुतूहल. गाईने लाथ मारली तर त्याला नंबर आहे, होडीतून पाण्यात पडलं तर त्यालाही आहे.

त्या दिवशी तिच्यापुढे भाट्ये गावच्या दमयंतीकाकूंची फाईल आली. थकवा आणि पाठदुखी म्हणून त्या तपासायला येऊन गेल्या होत्या. रक्तातली प्रथिनं वाढलेली. शेजारी डॉक्टर मृणालींनी लिहिलं होतं, 'मायलोमाची शंका. पुढील तपासणी करावी.' मायलोमा म्हणजे हाडांतल्या मज्जेचा कर्करोग.

"घाल कर्करोगाचा नंबर नि मोकळी हो," शेजारच्या टेबलावरून ओमकार म्हणाला. "शंकेला नंबर नसतो."

ते खरंच होतं. पण म्हणून शंकेला रोगाचा नंबर द्यायचा नसतो. जे दिसलं तेवढंच नोंदायचं, आणि दिसलं होतं ते एवढंच, की प्रथिनांत बिघाड आहे आणि कारण कळलेलं नाही. त्याचा नंबर आर ७७.९. योगिनीने तो घातला.

या नंबराची वाट बघणारे दोघे होते. काकूंचा मुलगा दर्शन बोटीवर जायचा होता. वडील गेल्यानंतर बऱ्याच खटपटीने त्याला मोठं जहाज मिळालं होतं आणि चार दिवसांवर निघणं आलं होतं. नोंदींच्या खिडकीशी येऊन त्याने सांगितलं होतं, की कागदावर कॅन्सर आला तर मी जाणार नाही. काकूंना रोगापेक्षा त्याचीच धास्ती.

फाईल मिटताना योगिनीची नजर पुन्हा रिपोर्टवर गेली. प्रथिनं वाढली होती, पण त्यांतलं अल्ब्युमिन हे नेहमीचं प्रथिनही वाढलेलं होतं. मज्जेच्या त्या आजारात बहुधा दुसऱ्या जातीची प्रथिनं वाढतात. अल्ब्युमिन कशाला वर जाईल? अर्थ लावणं तिचं काम नव्हतं. तिने डॉक्टरांना विचारलं. मृणाली म्हणाल्या, तेच मलाही खटकलंय, म्हणून तर शंका लिहिली, निदान नाही. उद्या पुन्हा रक्त घेतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बाकावर बसल्या होत्या, ओठ सुकलेले. योगिनीने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"नको गो बाय. रक्त द्यायचंय ना."

"पाणी चालतं, काकू."

"असं कसं? उपाशी या म्हणाले. उपास म्हणजे उपास. मी निर्जळी करते." काकूंनी अभिमानाने सांगितलं. "मागच्या खेपेला तर आदल्या दुपारपासून थेंब घेतला नव्हता. त्यात दिवसभर गच्चीवर कोकमं वाळत घालत होते."

वैशाखातली गच्ची, दिवसभराचं ऊन आणि पाण्याचा थेंब नाही. योगिनी उठून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली.

मृणाली बाहेर आल्या आणि काकूंच्या शेजारीच बसल्या. शरीरात पाणी कमी पडलं की रक्त आटतं आणि त्यातलं सगळंच दाट दिसतं, त्यांनी समजावलं. कारण तेच असेल असं नाही, पण आज या अवस्थेत रक्त घेण्यात अर्थ नाही. पोटभर पाणी प्या, उद्या या.

"कालवणागत," काकू म्हणाल्या. "आटलं की खारट लागतं. म्हणून मीठ जास्त पडलं असं नाय."

"अगदी तसंच."

तिसऱ्या दिवशी काकूंनी रक्त दिलं, चौथ्या दिवशी रिपोर्ट आले. अल्ब्युमिन जागेवर, प्रथिनंही मर्यादेत, आणि मायलोमासाठी केलेल्या खास तपासणीतही काही सापडलं नाही. पाठदुखीसाठी गोळ्या आणि व्यायाम. मृणालींनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं, खात्रीसाठी. दर्शनने आईकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि बाहेर जाऊन जहाजाच्या एजंटाला फोन लावला. येतो म्हणाला.

काकू खिडकीशी थांबल्या. "मग तो आधी घातलेला नंबर? खोडशील ना?"

"नाही. त्या दिवशी प्रथिनं खरंच वाढलेली दिसली होती, आणि का ते कुणालाच कळलं नव्हतं."

"म्हणजे न कळल्यालाही नंबर आहे?"

"आहे."

काकूंनी त्यावर जरा विचार केला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "नायतर त्या दिवशी तुम्ही कायतरी भलतंच लिवलं असतं."

ओमकारने मान खाली घालून पुढची फाईल ओढली. योगिनीने मात्र सूची उघडली होती. पाणी न मिळाल्याने झालेल्या त्रासाला नंबर होता. पाणी समोर असून न पिणाऱ्यांसाठी काही आहे का, ते ती शोधत होती.