दोघांत एक क्लच

दोन गाड्या, दोन म्हातारे आन् क्लच एकच. सांगितलं की लोक हसतात. हसू द्या, त्यांच्या बापाचं काय जातं!

माझी जावा फटफटी, माझा दोस्त किशनरावची येझदी. मी शिरड शहापुरात, वायरमनची नोकरी संपवून घरी बसलेला. तो औंढ्यात, औषधाचं दुकान चालवून थकलेला. दोघांच्याही क्लचच्या प्लेटा जळालेल्या. हिंगोलीच्या भंगारात एकच चांगला संच घावला, तो येझदीचा. जावाला बसवताना एक वायसर जास्तीचा लावला की बराबर बसतो. मग ठरलं, ज्याला गाडी पाहिजे त्यानं एसटीनं दुसऱ्याच्या घरी जायचं, त्याची गाडी खोलायची आन् क्लच पिशवीत घालून आणायचा.

खोलायचं म्हंजे अर्धा दिवस. डाव्या अंगाचं झाकण काढा, तेल परातीत धरा. परातीवरून किशन्याची बायको आशाबाई बोंबलायची, "सोनाजीभावजी, त्याच परातीत मी पीठ मळते!" मग जेवायला वाढायचीबी तीच. हात तेलानं काळे झाले की तोंड आपोआप चालतं. पोटाच्या ऑपरेशनची भीती किशन्यानं मला स्प्रिंगा काढता काढता सांगितली. माझी बायको लक्ष्मीबाई नातू सांभाळायला लेकीकडं नांदेडला गेली ती तिकडचीच झाली, हे मीबी तिथंच बोललो. एरवी बोललो असतो का? हट्!

खरं सांगू? गाडीवर बसून मला कुठंच जायचं नसायचं. मला क्लच आणायला जायचं असायचं.

दिवाळीला किशन्याचा पोरगा कुलदीप पुण्याहून आला आन् पोट धरून हसला. "काका, हे काय लावलंय तुमी? एका क्लचसाठी एसटीनं फिरून राहिले!" मोबाइलवर बोट फिरवलं, आठवड्यात बापाला नवा संच. जुना कायमचा माझ्या हवाली. "आता जोडीनं फिरू," किशन्या म्हणाला. मीबी खुळ्यासारखा खूश झालो.

कशाचं जोडीनं! थंडी सरली, उन्हं तापली. फोन केला की म्हणायचा, "येतो ना, गाडी तर आता तयारच हाय." तयार गाडी जागच्या जागी. शेवटी मीच गेलो. चहा झाला. "मग, बाकी काय?" तो म्हणाला. "चाललंय," मी म्हणालो. दोघांचे हात मांडीवर, रिकामे. थोड्या वेळात उठलोच. येताना रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

घरी आल्यावर मी गाडी खोलली. चांगला क्लच काढला, जळक्या प्लेटा बसवल्या. गाडी नुसती बोंबलते, जागची हलत न्हाई. लई झ्याक! पिशवी धुऊन दोरीवर टाकली आन् फोन लावला.

"किशन्या, माझा क्लच गेला रे. मंगळवारी तुझा न्यायला येतो. वहिनीला म्हणावं, परात काढून ठेवा."

तो हसला. मला वाटलं, जमलं.

"अरे, काहून तकलीफ घेतो? या वयात एसटीचे धक्के खातो का? थांब, कुलदीपला सांगतो."

"अरे पण मी येतो ना..."

"काही येऊ नको. समदं घरपोच येतं आता."

मायेनंच बोलला लेकाचा. तेच तर लागलं. भांडला असता तर भांडायला तरी गेलो असतो.

खोकं आलं. मी फोडलं न्हाई. फडताळात जुना चांगला क्लच, त्याच्या शेजारी नवा, आन् अंगणात गाडी बंद. संध्याकाळी किशन्याचा फोन आला.

"बसला का बराबर?"

"बसला."

"वायसर लावावा लागला का?"

"न्हाई. जावाचाच हाय ना."

"बघ! आता कुणाच्या दारात जायची गरज न्हाई."

"व्हय," म्हणालो, आन् फोन ठेवून दोरीवरची पिशवी काढून फडताळात ठेवून दिली.