वाढत्या अंगाचं जाकीट

कान.

तांदळाच्या दुकानातला मोठा काटा.

"हात वर कर. अजून वर. हसू नको गो!"

मामाची हळद, पाण्यापलीकडे.

शेवटची होडी चार वाजता.

तर या सगळ्याचं नातं असं. भगीरथच्या पाड्यात लेकराचं काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. फ्रॉक घोट्यापर्यंत, चपलेत पुढे दोन बोटं मोकळी. होडीत तरंगत्या जाकिटाशिवाय पोर घेत नाहीत म्हटल्यावर त्याने सहा वर्षांच्या रुपासाठी शहापुरातून केशरी जाकीट आणलं. चांगलं दहावीपर्यंत पुरेल असं.

आई भिमी कालच पलीकडे भावाच्या हळदीला गेलेली. रुपा करवली. ती पोचली नाही तर कलश कोणी धरायचा?

तीन वाजता भातसा धरणाच्या काठावर होडीवाल्या जयाने जाकिटाचे दोन्ही खांदे धरून वर उचलले. जाकीट वर गेलं. रुपा खालीच राहिली. डोकं आत, कान गायब, बाहेर फक्त एक शेंडी.

"भगीरथदादा, पोरगी कुटं हाय यात?"

"हाय ना. आत हाय."

"पाण्यात पडली तर जाकीट तरंगंल, पोरगी नाय. मी नाय नेनार."

"आत गोधडी कोंबतो."

"गोधडी भिजली का तीच खाली ओढंल. वाढंल म्हनून घेतलंस ना? चारच्या आत वाढनार हाय का ती?"

होडीतली माणसं खो खो हसली. जाकिटाच्या आतूनही कोणीतरी हसलं.

मग मोटारसायकल, परत शहापूरला. पुढे टाकीवर जाकीट, जाकिटात रुपा, मागे भगीरथ. खड्डा आला की रुपा आत, खड्डा गेला की बाहेर. आत. बाहेर. "बाबा, परत खड्डा!"

दुकानदाराने जाकीट उलटून आतली पट्टी दाखवली. तीस ते चाळीस किलो. "पोरीचं वजन?"

भगीरथला ठाऊक नव्हतं. शेजारच्या तांदळाच्या दुकानात रुपा गोणीच्या जागी मांडी घालून बसली. सतरा किलो.

"कोलम का इंद्रायणी?" गिऱ्हाइकातलं कोणीतरी ओरडलं.

"करवली!" रुपा म्हणाली.

दुकानदाराने पंधरा ते पंचवीसचं काढलं. भगीरथने हसणाऱ्या रुपाला हात वर करायला लावले. चेन वर. तिन्ही बकलं खटाखट. पायांमधून पट्टा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरली.

"तंग हाय," भगीरथ म्हणाला. "दोन वर्सांत हुईल ना लहान."

"दोन वर्षांनी दुसरं घ्या. आज तिला कान आहेत."

भगीरथने खांदे धरून उचललं. जाकीट वर, रुपाही वर, पाय हवेत, कान जागच्या जागी. अख्खं दुकान टाळ्या वाजवायला लागलं. "परत!" परत. "परत!" पाचव्यांदा उचलताना त्याचे हात भरून आले आणि घड्याळात साडेतीन झाले.

चारला पाच कमी. होडीचं इंजिन सुरू. जयाने खांदे धरले, उचललं, रुपा हवेतच पाय झाडत राहिली.

"आता दिसली पोरगी," जया म्हणाली आणि तिला तशीच उचलून होडीत ठेवली.

भगीरथ मागून चढला. निम्म्या पाण्यात वारा आला, होडी जरा डुलली. त्याने रुपाच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली. मग परत. मग परत.

"बाबा, गुदगुल्या!"

पलीकडून ताशा ऐकू येत होता.

रुपा जन्मली तेव्हा तिचं वजन एक किलो नऊशे ग्रॅम होतं. ते मात्र भगीरथला पाठ होतं.