उथळ चाकोरी

ओस्ताचे पाय त्या दिवशी जमिनीवर ठरत नव्हते. तसे ते स्कीवर होते आणि स्कीखाली पुरुषभर बर्फ होता, पण ते सोडा. गेल्या शरदात खुब्याचं ऑपरेशन झालेली बासष्ट वर्षांची बाई भरलेली घसरगाडी कमरेला बांधून पठारावरून सुसाट चालली होती, आणि नवरा केव्हाचा मागे पडला होता.

"हालदोर, येतोयस ना? की तिथेच म्हातारपण काढायचा विचार आहे?"

"येतोय, येतोय," मागून धापा टाकत आवाज आला. "देखावा बघत होतो."

"एकतीस वर्षं तोच देखावा आहे रे!"

ती हसली आणि आणखी वेगाने निघाली. जानेवारीत तिनेच स्वयंपाकघरात जाहीर करून टाकलं होतं, की यंदा स्वतःचं ओझं स्वतःला ओढता आलं तरच पुढच्या वर्षी यायचं. एकदा जरी हालदोरला ते घ्यावं लागलं, तर संपलं. तंबू मुलीला, सुन्निवाला, देऊन टाकायचा आणि इस्टरच्या सुट्टीत घरी बसून शब्दकोडी सोडवायची. हालदोर त्यावर काहीच बोलला नव्हता. तो सुतार माणूस. बोलण्याआधी दोनदा मोजायचा, आणि बरेचदा मोजून झाल्यावर गप्पच बसायचा.

दुपारी बर्फात खड्डा खणून, वाऱ्याकडे पाठ करून दोघं बसली. कॉफी झाली, तपकिरी चीज लावलेला ब्रेड झाला, संत्रं झालं. तिथून निघून वीस मिनिटं झाल्यावर ओस्ताच्या लक्षात आलं की जाड हातमोजा तिथेच राहिला. हालदोर जातो म्हणाला, तर तिने त्याला थांबवलं. "तू बस. तुझी अवस्था बघवत नाही," असं म्हणून तिने कमरेचा पट्टा सोडला आणि रिकाम्या अंगाने माघारी वळली.

हातमोजा सापडला. पण परत येताना तिची नजर खाली गेली, ती तिथेच खिळली.

रात्रीच्या थंडीने बर्फावर कडक कवच चढलं होतं. अशा बर्फावर कोणी कोणाच्या मागून जात नाही, शेजारून जातं. त्यामुळे दोन घसरगाड्यांच्या दोन चाकोऱ्या समोर स्वच्छ दिसत होत्या. डावीकडची हालदोरची. तिने कवच फोडून खोल चर पाडला होता. उजवीकडची तिची, म्हणजे कोणी केरसुणी ओढत नेल्यासारखा नुसता ओरखडा. ओस्ताने खाली वाकून त्या चरात हात घातला. मनगटापर्यंत गेला.

बर्फ वाचण्यात त्यांच्या खोऱ्यात तिचा हात कोणी धरला नसता. तिला सगळं कळलं. सकाळी ती मोटारीच्या आडोशाला स्कीला मेण लावत होती आणि सामान भरायला हालदोर एकटाच होता.

ती परतली ती थेट त्याच्या घसरगाडीकडे. ताडपत्रीचे बंद ओढून सोडले. आत रॉकेलचे दोन्ही डबे, दोन्ही फावडी, तंबू, स्टोव्ह, चार दिवसांचं जेवण आणि तिचे स्वतःचे जादाचे बूट. तिच्या गाडीत काय होतं? झोपायच्या दोन पिशव्या आणि ब्रेड. म्हणजे सकाळपासून ती पिसं ओढत होती आणि फुशारकी मारत होती! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे काय आहे?"

"सामान."

"कोणाचं?"

"दोघांचं. लग्नात तसंच ठरलं होतं."

"विनोद करू नकोस! सकाळपासून तुला म्हातारा म्हणतेय मी आणि तू अवाक्षर काढलं नाहीस!"

"म्हातारा आहेच मी. आज तर खात्रीच पटली."

मुक्कामाला तंबू उभा राहीपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. वाऱ्याच्या बाजूला बर्फाची भिंत मात्र तिने अशा तावातावाने रचली की एकतीस वर्षांत तशी भिंत झाली नसेल. मग तंबूच्या तोंडाशी स्टोव्ह फुरफुरायला लागला, सुपाला उकळी आली, आणि हालदोर वाडग्यात बघत म्हणाला, "तू थकली असतीस तर तंबू गेला असता. मला तो द्यायचा नव्हता."

"सुन्निवाबरोबर आला असतास."

"सुन्निवा चांगली पोर आहे," तो म्हणाला. "पण तू नसलीस तर पठारावर माझं काय काम?"

ओस्ताला त्याचे उपकार वाटत होते, आणि ते वाटतायत याचाच राग येत होता. तिने आपल्या वाडग्यातला मांसाचा मोठा तुकडा उचलून त्याच्या वाडग्यात टाकला आणि पाठ करून झोपली.

सकाळी सामान तिने स्वतः वाटलं. एक डबा इकडे, एक तिकडे. फावडंसुद्धा ज्याचं त्याच्याकडे. समोर खिंडीचा चढ होता. अर्ध्यापर्यंत ती ठीक चढली. त्यानंतर खुबा दुखला नाही, नुसता ऐकेना. ती मनात म्हणायची उचल, आणि पाय तिथेच. तीनदा प्रयत्न केला. तीनदा गाडीने तिला मागे ओढलं.

ती काठ्यांवर रेलून उभी राहिली. हालदोर जवळ आल्यावर, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सहलीबद्दल आभार, हालदोर."

हे शब्द मोटारीपाशी म्हणायचे असतात, स्की काढून झाल्यावर, अगदी शेवटी. ते म्हटले की सहल संपली. एकतीस वर्षांत ते दुसरीकडे कुठे कोणी म्हटले नव्हते.

हालदोरने सावकाश चारी दिशांना पाहिलं. "मोटार कुठे दिसत नाही मला," तो म्हणाला. "मी काही ऐकलं नाही."

"मला जमत नाही रे."

त्याने तिचा पट्टा सोडला, तिची गाडी स्वतःच्या गाडीमागे जोडली, आणि लांब दोरी काढून एक टोक आपल्या कमरेला, दुसरं तिच्या कमरेला बांधलं.

"म्हणजे शेवटी माझं ओझं तूच घेतलंस."

"मी? पुढे तू आहेस. माझंही तुलाच ओढायचंय. चल."

ती चालू लागली. दोरी ताठ झाली. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. तो अडखळला की तिला कमरेत कळायचं, ती थबकली की त्याला. शेवटच्या उभ्या टप्प्यावर दोरी जड लागली, आणि तिने वळून पाहिलं तर हालदोरचा चेहरा राखेसारखा झाला होता. कालच्या दिवसाने त्याला पिळून काढलं होतं. तो सोंग करत नव्हता. ओस्ताने काठ्या रोवल्या, चांगला पाय पुढे टाकला आणि खेचलं. तो आला. पुन्हा खेचलं. तो पुन्हा आला.

खिंडीच्या माथ्यावर वारा बोचत होता. त्याने तिचे गाल निरखले, डाव्या गालावर हिमदंशाचा पांढरा ठिपका धरायला लागलेला दिसला, आणि हातमोजा काढून उबदार तळवा त्यावर दाबून धरला.

"काल तू ते सगळं ओढलंस," ती त्या हाताआडून म्हणाली. "मी चिडले. पण असं कोणी माझ्यासाठी करेल हे... मला फार बरं वाटलं, हालदोर. फार."

"हं," हालदोर म्हणाला. तेवढ्यावरून तिला त्याचं सगळं बोलणं समजलं.

"सुन्निवाला फोन करू घरी गेल्यावर. तिला देऊन टाकू."

त्याचा हात गालावर थबकला. "तंबू?"

"घसरगाडी. आपल्याला आता एकच लागेल."

हालदोरने मागे जोडलेल्या दोन्ही गाड्यांकडे पाहिलं, आधी एक मोजली, मग दुसरी.

"तुझी देऊ," तो म्हणाला. "माझ्यात दोघांचं मावतं. काल बघितलंय मी."