खुर्ची माझी हाय

राजेश्रीनं वकिली सुरू केली तेव्हा परभणीच्या कोर्टात तिला सगळ्यांनी एकच सल्ला दिला: बाईनं पोटगीच्या केसेस घ्याव्यात, व्यापाराच्या कागदांत डोकं घालू नये. तिनं नेमकं व्यापाराच्या कागदांतच डोकं घातलं. पंधरा वर्षांत करार आणि कंपन्यांच्या भांडणांत तिचं नाव एवढं झालं, की झरीच्या भागवतनंही तिलाच बोलावलं.

झरीत शेळ्या पाळणाऱ्या बायकांची एक कंपनी होती. अनुदान बायकांच्या नावावर मिळतं म्हणून पाचही संचालक बायका. भागवतची बायको पार्वतीबाई अध्यक्ष. कंपनीची जागा आणि शेड मानवतच्या एका व्यापाऱ्याला तीस वर्षांसाठी द्यायचं घाटत होतं. करार राजेश्रीनं तपासायचा होता.

ती कार्यालयात शिरली तर टेबलाभोवती पाच पुरुष. ठरावाच्या वहीत पाच सह्या आधीच झालेल्या, पाचही एकाच वळणाच्या.

"संचालक कुठं आहेत?"

"आमीच की," भागवत हसला. "त्या भाईर चहा करायल्यात. त्यांना काय कळतंय, मॅडम?"

राजेश्रीच्या आईनं, अंबाबाईनं, जन्मभर शेळ्या राखल्या. पण कोणती शेळी विकायची हे तिला घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. राजेश्रीची कानशिलं तापली. तिनं वही मिटली.

"संचालकाच्या जागी दुसऱ्याला बसता येत नाही. नवऱ्यालाही नाही. हा ठराव रद्दी आहे, आणि खोट्या सह्यांचा गुन्हा वेगळा."

"तुमाला बोलावलं कुणी? आमी!"

"मला कंपनीनं बोलावलंय. अन् कंपनी भाईर चहा करायलीय."

तिनं दारातून हाक मारली. बायका पदराला हात पुसत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पार्वतीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"आवो, उठा."

तो हलला नाही.

"उठा म्हनलं ना! खुर्ची माझी हाय."

एकेक करत पाचही जण बाहेर गेले. राजेश्रीनं दीड तास करार मोठ्यानं वाचला, कलम न् कलम समजावून दिलं. नवव्या कलमाला धम्मशीला नावाच्या संचालिकेनं तिला थांबवलं.

"म्हंजी तीस वर्सं आमच्याच शेडात आमच्या शेळ्या त्याला इचारून बांधायच्या?"

"हो."

"मंग न्हाई."

पाच हात वर झाले. करार फेटाळला गेला.

बाहेर भागवत वाटच पाहत होता. "मानवतच्या बाजारात तुमाला एक काम मिळू द्यायचा न्हाई."

शब्दाचा पक्का निघाला तो. दिवाळीपर्यंत तीन व्यापाऱ्यांनी आपल्या फायली परत नेल्या. राजेश्रीचा कारकून दत्ता काकुळतीला आला. "मॅडम, एक फोन करा, मिटवून टाका."

"माझं काय चुकलं?"

दत्तानं पुढं केलेला फोन तिनं बाजूला सारला.

दर रविवारी गावोगाव जाऊन संचालक बायकांना त्यांचे हक्क शिकवायचे, असं तिनं ठरवलं. पहिला वर्ग घेतला तो मानवतच्या मोंढ्यात, भर बाजारात, झरीची शेड मागणाऱ्या त्याच व्यापाऱ्याच्या दुकानासमोर. माणसं थांबून पाहायला लागली. पार्वतीबाईला तिनं पुढं बसायला सांगितलं, पण ती बसलीच नाही. राजेश्रीच्या हातातला माईक घेऊन तीच बोलायला उभी राहिली.