संताची घंटा मी वाजवली

दगडात आणि माझ्या नवऱ्यात, सावेरियोत, फरक एवढाच की दगड निदान खोटं बोलत नाही.

फेब्रुवारीपासून त्याच्या जांघेत गाठ होती. खोकला की लिंबाएवढी वर यायची, आडवा झाला की आत. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या. आणि गाठ आत जाईनाशी झाली, दुखायला लागली, उलट्या झाल्या, तर एक मिनिट थांबू नका." यानं नंदीबैलासारखी मान डोलावली आणि बाहेर येऊन म्हणतो, "जुलैनंतर बघू, नुंत्सिया."

जुलैत आमच्या गावच्या संताची, सान पान्तालेओची, मिरवणूक. चाळीस जण संताची मूर्ती लांब दांड्यांवर ठेवून खांद्यावर घेतात. डाव्या दांड्याखालची तिसरी जागा सावेरियोच्या आजोबांची, मग बापाची, मग याची. एक वर्ष चुकवली की गेली दुसऱ्याला. आणि हा संत स्वतः वैद्य बरं का! वैद्याला खांद्यावर घेतील, पण वैद्याची पायरी चढणार नाहीत. डोकं आपटून घ्यावं की काय करावं?

खांदेकऱ्याच्या कमरेला सात हात कापडाचा पट्टा बायकोनंच आवळायचा, ही आमच्याकडची रीत. त्या सकाळी मी विचारलं, "गाठ आत गेली का?"

"गेली गं बाई! आवळ अजून."

आणि मी आवळला. मेली माझी अक्कल! उघडून बघितलंसुद्धा नाही.

भर दुपारी, चर्च दोनशे पावलांवर असताना, सावेरियो दांडा न सोडता बाजूला वाकला आणि भडाभडा ओकला. तोंड राखेसारखं झालेलं. मी धावले.

"सोड तो दांडा!"

"घंटा झाल्याशिवाय नाही," तो दात आवळून म्हणाला.

घंटा मिम्मो काकांच्या हातात. सगळ्या खांदेकऱ्यांचे म्होरके. तीन टोले दिले की संत खाली.

"काका, वाजवा! त्याला बघा तरी!"

"दारात आलोच आपण. घरी जा, पोरी."

मी घंटा हिसकावली आणि तीन टोले हाणले. सवयीनं चाळीसही जणांनी संत खाली टेकवला. मग जी शिवीगाळ सुरू झाली! मी सरळ पट्टा सोडला. गाठ लालभडक, टणक. नुसतं बोट लागलं तर एवढा दांडगा माणूस किंचाळला. मग रुग्णवाहिकेला रस्ता त्या शिव्या देणाऱ्यांनीच करून दिला.

"आतडं गाठीत अडकून काळं पडलं होतं," सर्जन म्हणाले. "वीतभर कापलं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..." मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

तिसऱ्या दिवशी मिम्मो काका आले, मिठाईचा खोका घेऊन. ज्याला पाण्याचा घोटसुद्धा मोजून मिळतो त्याच्यासाठी! घंटेबद्दल बोलतील म्हणून मी कंबर कसून उभी होते. त्यांनी मला बाहेर नेलं.

"नुंत्सिया, गाठ आत जात नसेल, पण दुखत नसेल, तर चालतं ना?"

"कुणाची?"

काकांचा हात आपसूक स्वतःच्या जांघेवर गेला.

"कधीपासून?"

"इस्टरपासून. कुणाला सांगू नकोस हं."

"आणखी कुणाकुणाला आहे?"

काकांनी बोटं मोजायला घेतली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला.

मी त्यांचा दंड धरला आणि सर्जनच्या दारात नेऊन उभं केलं. मग फोन काढला आणि एकेका खांदेकऱ्याच्या बायकोला सांगत सुटले, "पट्टा आपण बांधतो ना? मग आज त्याला उभा कर आणि आधी खाली काय आहे ते बघ."