शिकारी बंगल्यातली घंटीमाय

"घंटीमायचा जयजयकार!" असे ओरडत माणसे बंगल्याच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसली होती. समोरच्या भिंतीवर, छताला लागून पितळी घंट्यांची रांग होती. जवळ कुणी नाही, कुणाचा हात लागत नाही. तरी त्यातली मधली घंटी बोलायची. प्रश्न विचारला की एकदा वाजली तर होय, दोनदा वाजली तर नाही.

बोरी गावाबाहेरच्या माळावरचा हा बंगला एका जहागीरदाराने शिकारीच्या पाहुण्यांसाठी बांधला होता. थंडीत हैदराबादहून मोटारी यायच्या, सगळ्या खोल्या भरायच्या, मेजवान्या झडायच्या. निजामाचे राज्य गेले, जहागिरी गेली, बंगला ओस पडला. मग चिमटा वाजवत घंटीबुवा आला, आणि त्याच खोल्यांत दुखणाईतांची बिऱ्हाडे पडली.

आज सगळ्यांच्या पुढे छबूबाई बसली होती. मांडीवर तिचा मुंजाजी. परवा पिसाळलेल्या कुत्र्याने त्याच्या गालाचा लचका तोडला होता. मुंजाजी बन्सीधर गुरुजींच्या दुसरीतला. तो शाळेत दिसला नाही, कारण कळले, तसे गुरुजी धावत आले.

"छबूबाई, याला आत्ताच्या आत्ता परभणीला न्या. तिथे पोटात सुया देतात. एकदा रोग उठला, की मग डॉक्टरच्याही हातात काही राहत नाही."

"मायला इचारते गुरुजी. माय हो म्हणली की निघालेच."

बुवा खदखदला. "मास्तर, तुमची सुई गोधडी शिवायला बरी! आमची माय तुटलेलं आयुष्य शिवती. डोळे मिटा रे समदे! मायचं तेज बघाल तर बुबुळं पांढरी पडतील."

सगळ्यांनी डोळे मिटले. गुरुजींनी मिटले नाहीत.

"माय, लेकराला परभणीला नेऊ का?" छबूबाईने पदर पसरून विचारले.

बुवाने चिमटा फरशीवर आपटला. "जाग, जगदंबे!" पुन्हा आपटला. "बोल, भवानी!"

टिण. टिण.

"न्हाई म्हणली! ह्यो उंबरा वलांडला, की लेकरू गेलं समज."

छबूबाईने पोराला छातीशी आवळले. गुरुजींना दिसले होते ते एवढेच, की घंटी हलण्याआधी तिच्यामागची बारीक तार ताणली गेली होती.

"खोटं न्हाई गुरुजी," शेजारची दगडाबाई कुजबुजली. "जहागीरदाराच्या वक्ताला आमी हितं वेठीला यायचो, मागल्या अंगणात दळायला. ही वाजली की नोकर जीव घेऊन पळायचे. बोलवणारा कदी दिसला न्हाई."

"मग वाजवायचं कोण?"

"काय म्हाईत! आमाला आत कुठं येऊ देयाचे?"

गुरुजी ताडकन उठले. त्यांनी बुवाच्या हातातला चिमटा हिसकावला आणि फरशीवर तीनदा आपटला.

टिण. टिण. टिण.

"एकदा होय, दोनदा नाही. मग तीनदा म्हणजे काय हो, बुवा?"

गुरुजींनी पाचदा आपटला. घंटी पाचदा वाजली. मागून कुणीतरी फिसकन हसले, आणि दगडाबाई म्हणाली, "अगं बया! माय चिमट्याचं ऐकायलीय!"

तार छताखालून, लहानशा चाकांवरून पुढच्या खोल्यांकडे गेली होती. गुरुजी तिच्या मागे निघाले, गुरुजींच्या मागे माणसे. टोकाच्या बंद खोलीला बुवा मायचे शेजघर म्हणायचा. दार ढकलले. पलंगाजवळ बुवाचा चेला मुठीत गोंड्याची दोरी धरून बसला होता.

"मला मारू नका! चिमटा किती वाजला ते ऐकायचं अन् तेवढ्यांदा वढायचं, येवढंच माझं काम."

पाहुण्याने पडल्या जागी दोरी ओढावी, स्वयंपाकघरात त्याच्या खोलीची घंटी वाजावी आणि नोकराने धावावे, एवढ्याचसाठी ही सोय केलेली होती.

गर्दीतून धुरपदाबाई पुढे आली. तिच्या व्यंकटीलाही कुत्रे चावले होते. पाण्याचा पेला पाहून किंचाळत त्याने होळीच्या दिवशी प्राण सोडला. तिने चेल्याच्या हातातून दोरी घेतली आणि ओढली. लांबून टिण असा आवाज आला. तिने पुन्हा ओढली.

"मी बी हेच इचारलं होतं," ती म्हणाली. "परभणीला नेऊ का म्हणून. दोनदाच वाजली होती."

मागच्या दाराने सटकणाऱ्या बुवाला चार गड्यांनी धरले, पण धुरपदाबाईने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने छबूबाईचा दंड धरला. "उभी काय ऱ्हायलीस? चल, गाडी जुंपायला लाव!"

सडकेला लागेपर्यंत गाडीत छबूबाई एकच विचारत होती, "वाचंल ना, गुरुजी?"

"खात्री देत नाही, बाई. पण तिथे उपाय आहे. इथे नव्हता."

त्या आठवड्यात गुरुजींनी सगळी शाळा बंगल्यावर नेली. एकाने दोरी ओढायची, बाकीच्यांनी स्वयंपाकघरात उभे राहून पाहायचे, अशी प्रत्येकाची पाळी झाली. मग ते म्हणाले, "पोरांनो, तुमच्या आईबापांनी वेठीला येऊन ही घंटी नुसती बाहेरून ऐकली, कारण ओढणारा कोण हे विचारायची त्यांना मुभा नव्हती. तुम्हाला आहे. कुणी एखादा चमत्कार सांगितला, तर हात जोडण्याआधी तारेच्या मागे चालत जा. दार बंद असेल, तर ढकला. आणि कुत्रे चावले, तर कुणालाही विचारत बसू नका. दवाखान्यात जा."